आठ सेकंदांचे मालक

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो, पण आठवडाभर प्रॉडक्शनच्या आगी विझवायच्या आणि वीकेंडला कपडे-इस्त्री-वाणसामान, यात ते राहूनच जात होतं. आज बाहेर धो धो पाऊस आहे, लाइट आहेत (अजून तरी), चहा झालाय. बसलो एकदाचा.

२०२३च्या मे महिन्यात मी कामानिमित्त टेक्सासमध्ये, डॅलसजवळ होतो. आमच्या टीममधला एक अस्सल टेक्सन शुक्रवारी जाता जाता म्हणाला, "उद्या फोर्ट वर्थला चल. बुल रायडिंगची वर्ल्ड फायनल आहे." मला वाटलं, मॉलमध्ये तो यांत्रिक रेडा असतो, पन्नास रुपये देऊन बसायचं आणि गादीवर आपटायचं, त्याचीच मोठी आवृत्ती असेल. फुकट तिकीट होतं, गेलो.

डिकीज अरीना नावाचं चकाचक बंदिस्त स्टेडियम. आत मध्यभागी बाहेरून आणून टाकलेली माती. दिवे गेले, आगीचे लोळ, कानठळ्या बसवणारं रॉक संगीत. मग एकदम शांतता. हजारो लोकांनी हॅट काढल्या, प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं. आपल्याकडे गणपतीच्या मंडपात आधी डीजे आणि मग आरती होते, तसं काहीसं. मग एका लोखंडी कप्प्याचं दार उघडलं, आतून साधारण आठशे किलोंचं एक धूड हवेत उडालं आणि त्याच्यावरचा पोरगा दुसऱ्या सेकंदाला मातीत होता. उठला, धावत कठड्यावर चढला, हॅट... नाही, हॅट नव्हती. हेल्मेट होतं, पुढे लोखंडी जाळी असलेलं.

हे हेल्मेट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी खेळ समजून घेऊ. नियम इतके साधे आहेत की आमच्या क्लायंटनं कधी इतकी साधी रिक्वायरमेंट दिलेली नाही. वळूच्या अंगाभोवती, पुढच्या पायांच्या मागून एक दोर आवळलेला असतो. त्यात राळ चोळलेला हातमोजा घालून एक हात अडकवायचा. दुसरा हात हवेत. आठ सेकंद टिकायचं. मोकळा हात वळूला किंवा स्वतःला लागला की बाद. आठ सेकंद झाले तर गुण, नाहीतर शून्य. साडेसात सेकंद टिकलात, तरी शून्यच. मार्क शंभरपैकी, आणि गंमत अशी की त्यातले पन्नास वळूचे! तो किती उसळला, किती गरगर फिरला, किती अवघड होता यावर. म्हणजे गरीब वळू वाट्याला आला तर तुम्ही कितीही सुंदर बसा, आकडा वर जात नाही. नामांकित वळू वाट्याला आला तर जिंकायची संधी, आणि मरायचीही. त्या दिवशी कोणाला कुठला वळू, हेच बहुतेक वेळा नशीब ठरवतं.

(मी मुद्दाम 'वळू' म्हणतोय. बैल म्हणजे खच्ची केलेला, नांगराचा. हे तसे नसतात. 'वळू' सिनेमातला डुरक्या आठवा, आणि त्याच्यावर बसायचं आहे अशी कल्पना करा.)

मागच्या पायांपुढे पोटाला एक पट्टा बांधतात, तो झटकायला वळू लाथा मारतो. हा पट्टा नको त्या अवयवाला बांधतात असा सार्वत्रिक समज आहे, तो चूक आहे. तरीही प्राणीप्रेमी संघटनांचा या खेळाला विरोध आहे, आणि मला तो अगदीच बिनबुडाचा वाटत नाही. पण आजचा विषय वर बसणाऱ्यांचा आहे.

अजून एक गोष्ट मला पहिल्या दहा मिनिटांतच खटकली होती. हे वळू ओळखीचे दिसत होते! कोणाच्या खांद्यावर वशिंड, कोणाच्या गळ्याखाली लोंबती पोळी, लांब पडलेले कान. अमेरिकन गाय म्हणजे चॉकलेटच्या जाहिरातीतली, सपाट पाठीची. मग हे आपले पाहुणे इथे कुठून? विकीबाबाला विचारलं आणि दोन तास गेले. अमेरिकेत 'ब्राह्मण' नावाची गुरांची जात आहे. हो, हेच नाव. काउबॉय लोक त्याचा उच्चार 'ब्रेमर'च्या जवळपास काहीतरी करतात. ती तयार झाली हिंदुस्थानातून नेलेल्या गुरांपासून: गीर, कांकरेज, ओंगोल, आणि थोड्या प्रमाणात आपल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी वाढवलेली कृष्णा खोऱ्याची जात. टेक्सासच्या पियर्स रँचचा ए. पी. बॉर्डन १९०६ साली खास इथून गुरं घेऊन गेला. न्यूयॉर्कजवळ क्वारंटाइनमध्ये त्यांच्यात सर्रा रोग निघाला, काही जनावरं तिथेच गेली, उरलेली टेक्सासला पोचली. गोचीड आणि उन्हाळा सोसणारं जनावर त्यांना हवं होतं. त्याचा तापट आणि चपळ स्वभाव रोडिओवाल्यांच्या कामाचा आहे हे मग लक्षात आलं. आजच्या उसळणाऱ्या वळूंमध्ये अनेक रक्तं मिसळलेली आहेत, पण हे रक्त भरपूर आहे. सांगायचं काय, तर त्या अरीनात ऑन-साइट आलेला मी एकटा नव्हतो :-)

असो. गाडी इतिहासाकडे वळवतो.

रोडिओ म्हणजे काउबॉयच्या कामांच्या स्पर्धा: दोरीनं वासरू पकडणं, बिथरलेला घोडा काबूत ठेवणं वगैरे. वळूवर बसणं हे खरं तर काउबॉयचं काम नव्हेच. शेतावर कोणी वळूवर कशाला बसेल? ती पहिल्यापासून मर्दुमकी. पण लोक थांबायचे ती बघायला, म्हणून ती शेवटी ठेवायची प्रथा पडली. लावणीच्या कार्यक्रमात फर्माइशी शेवटी ठेवतात, त्यातलाच प्रकार.

पैशांचं गणित मात्र विचित्र होतं. काउबॉयला पगार नाही. स्पर्धेत उतरायची फी त्यानंच भरायची. रात्रभर गाडी चालवून पुढच्या गावी जायचं. जिंकला तर पैसे, पडला तर पेट्रोलही अंगावर. हाड मोडलं तर दवाखानाही अंगावर. याविरुद्ध पहिला उठाव १९३६ साली बोस्टन गार्डनमध्ये झाला. बक्षिसाची रक्कम वाढवा आणि आम्ही भरलेली फी त्यात मिळवा, एवढीच मागणी होती. आयोजक ऐकेना. ६१ काउबॉयनी सही करून संप केला आणि शेवटी त्याला नमावं लागलं. त्यांनी संघटनेला नाव दिलं 'कासव संघटना', काउबॉइज टर्टल असोसिएशन. एकत्र यायला उशीर केला पण शेवटी मान बाहेर काढली, म्हणून कासव. आयटी कर्मचाऱ्यांच्या युनियनबद्दल दर दोन वर्षांनी आपल्याकडे चर्चा होते तेव्हा मला हे कासव आठवतं. आपण अजून कवचातच आहोत. या कासवांचीच पुढे १९४५मध्ये रोडिओ काउबॉइज असोसिएशन झाली आणि १९७५मध्ये तिच्या नावात 'प्रोफेशनल' आलं: पीआरसीए. आता तीच प्रस्थापित व्यवस्था. पन्नास वर्षांत बंडखोरांचं हेड ऑफिस होतं, हा जगाचा नियमच आहे.

आता १९८९. लेन फ्रॉस्ट हे नाव तिकडे आजही घराघरात माहीत आहे. १९८७चा जगज्जेता, हसरा, देखणा, ओक्लाहोमाचा. त्याची सगळ्यात गाजलेली लढत माणसाशी नव्हती. रेड रॉक नावाचा एक वळू होता, अधिकृत कारकिर्दीत ३०९ जण त्याच्यावर बसले आणि एकही आठ सेकंद टिकला नव्हता. तो निवृत्त झाल्यावर १९८८मध्ये खास फ्रॉस्ट विरुद्ध रेड रॉक अशा सात लढती ठेवल्या. फ्रॉस्टनं ४-३ अशी मालिका जिंकली.

३० जुलै १९८९, वायोमिंगमधल्या शायेन गावचा मोठा रोडिओ, शेवटचा दिवस, पावसानं चिखल झालेला. फ्रॉस्ट आठ सेकंद व्यवस्थित बसला, उतरला. उतरताना चिखलात पडला आणि वळूनं मागून पाठीत शिंग मारलं. तो उठला, मित्रांच्या दिशेनं हात केला, आणि कोसळला. बरगड्या तुटून आत घुसल्या होत्या. वय २५. अंगात शर्ट होता, बस्स. तेव्हा कुणाच्याच अंगात दुसरं काही नसायचं.

तिथे त्याचे दोन जिवलग मित्र होते, टफ हेडमन आणि कोडी लॅम्बर्ट. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लास वेगासच्या राष्ट्रीय फायनलमध्ये हेडमन शेवटच्या वळूवर बसला. आठ सेकंदांचा भोंगा वाजला. तो उतरला नाही. आणखी आठ सेकंद बसून राहिला, मित्राच्या वाटणीचे. सोळा सेकंद. त्या वर्षीचा जगज्जेताही तोच झाला. यूट्यूबवर ही क्लिप आहे, जुनी, पुसट. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बघितली आणि नंतर थोडा वेळ डबा तसाच राहिला. आपल्या मुलाचं नावही त्यानं लेन ठेवलं.

लॅम्बर्टनं वेगळंच केलं. तो बसला एक जॅकेट तयार करत. घोड्यांच्या शर्यतीतले जॉकी छातीला संरक्षक जॅकेट घालतात, त्या धर्तीवर त्यानं वळूवर बसणाऱ्यांसाठी एक बनवलं आणि नव्वदीच्या सुरुवातीला स्वतः घालून उतरला. या लोकांच्या जगात 'सेफ्टी' हा शब्द थोडा बायकी समजला जायचा. तरीही काही वर्षांतच ते जॅकेट सगळ्यांच्या अंगात आलं. कारण सांगणारा कोणी इन्स्पेक्टर नव्हता. शायेनला हजर असलेला माणूस होता.

आणि मग १९९२. ॲरिझोनातलं स्कॉट्सडेल, एका हॉटेलातली खोली, वीसेक बुल रायडर. हेडमन, लॅम्बर्ट, आणि 'काउबॉयचा राजा' म्हणून गाजलेला टाय मरे यांच्यासारखी त्या काळची मोठी नावं. त्यांचं म्हणणं साधं होतं: लोक शेवटपर्यंत आमच्यासाठी थांबतात, तर मग फक्त आमचाच खेळ का नको? आणि तो आमच्याच मालकीचा का नको? प्रत्येकानं हजार डॉलर टाकले. पीआरसीएबाहेर फक्त बुल रायडिंगच्या स्पर्धा भरवायचा प्रयोग दुसऱ्या एका कंपनीनं त्याआधी करून बघितला होता, त्यामुळे कल्पना शंभर टक्के नवीन नव्हती. नवीन होती ती मालकी. म्हणजे समजा, सचिन, द्रविड, गांगुली, कुंबळे एका लॉजवर जमले, प्रत्येकी पन्नास हजार काढले आणि म्हणाले, बोर्ड गेलं खड्ड्यात, आपली आपण लीग काढू!

मी इथे थोडा रेंगाळतो, कारण मला या गोष्टीचं खरं आकर्षण हेच आहे. आम्ही सगळे स्टार्टअपच्या गोष्टी वाचून मोठे झालो. गॅरेज, दोन मित्र, एक आयडिया. त्यातल्या धोक्याचं केवढं कौतुक! धोका म्हणजे काय, तर नोकरी गेली तर दुसरी बघायची. या वीस जणांकडे एमबीए नव्हता, व्हेंचर कॅपिटलिस्ट नव्हता. भांडवल म्हणजे हजार डॉलर आणि स्वतःच्या बरगड्या.

पीआरसीएचा जगज्जेतेपदाचा रस्ता सोडून वेगळी चूल मांडायची म्हणजे आयुष्यभराची कमाई पणाला लावायची. तरी १९९४ला पहिला हंगाम झाला: बड लाइट कप. एका बिअर कंपनीचं नाव. तेव्हापासून या सर्वोच्च टूरचं नाव प्रायोजकाप्रमाणे बदलत आलंय. २००३पासून बिल्ट फोर्ड टफ सीरिज, २०१८पासून अनलीश द बीस्ट, तेही एका एनर्जी ड्रिंकमुळे. आधी बिअर, मग ट्रक, मग एनर्जी ड्रिंक. अमेरिकन पुरुषाच्या तीस वर्षांचा इतिहास लिहायला एवढं पुरे!

पहिला जगज्जेता कोण? या अस्सल अमेरिकन, टेक्सासच्या मातीतल्या वगैरे खेळाचा पहिला मुकुट एका ब्राझिलियनानं नेला. अद्रियानो मोराइस, साओ पावलो राज्यातला. पुन्हा २००१मध्ये, पुन्हा २००६मध्ये. तीन वेळा जिंकणारा तो पहिलाच. ब्राझीलमध्येही गुराख्यांची मोठी परंपरा आहे, बारेतोसचा रोडिओ १९५६पासून भरतो. (आणि तिथल्या गुरांतही आपले ओंगोल, गीर, कांकरेज आहेतच, पण ते परत कधीतरी.) १९९४ ते २०२४ या ३१ हंगामांत १४ वेळा जगज्जेता ब्राझिलियन होता. भाषा येत नाही, टेक्सासमधल्या डिकेटर नावाच्या छोट्या गावात एकमेकांच्या आधारानं राहायचं, आठवड्याला स्पर्धा, घरी पैसे पाठवायचे. मी ज्या अपार्टमेंटमध्ये चार मराठी-तेलुगू पोरांबरोबर राहत होतो, तिथून ते गाव तासाभराच्या आसपास. आमचं आणि त्यांचं तसं जवळचं नातं निघालं, फक्त त्यांचा मॅनेजर शिंगं मारतो. (आमचाही. जाऊ दे.)

आता १९९५, आणि बोडेशस. फिकट पिवळ्या रंगाचा, साडेआठशे किलोंच्या घरातला वळू. त्याची खोड अशी की तो आधी जोरात मागचा भाग उचलायचा, त्यामुळे वरचा माणूस पुढे झुकायचा, आणि त्याच क्षणी हा डोकं खालून वर फेकायचा. माणसाचा चेहरा आणि वळूची कवटी, समोरासमोर. हेडमननं १९९३मध्ये त्याच्यावर आठ सेकंद काढून ९५ गुण मिळवले होते. दोन वर्षांनी लास वेगासला, या नव्या टूरच्या वर्ल्ड फायनलमध्ये, तोच वळू पुन्हा वाट्याला आला. दार उघडलं आणि जे व्हायचं ते झालं. हेडमन चालत बाहेर आला खरा, पण चेहऱ्याची बहुतेक मोठी हाडं चुरा झाली होती. तासन्‌तास शस्त्रक्रिया, धातूच्या पट्ट्या. त्या वर्षीचा चॅम्पियन तोच ठरला.

काही आठवड्यांनी, डिसेंबरमध्ये पीआरसीएच्या फायनलला नशिबानं परत बोडेशसच काढला. हेडमन कप्प्यावर चढला, दार उघडायला सांगितलं, आणि बसलाच नाही. वळू रिकामाच बाहेर गेला आणि यानं हॅट काढून त्याला सलाम केला. त्याच फायनलमध्ये पुढे दुसरा एक रायडर, स्कॉट ब्रीडिंग, चेहऱ्यावर मास्क लावून बोडेशसवर बसला. त्याच्याही डोळ्याजवळचं हाड मोडलं. त्यानंतर वळूच्या मालकानंच बोडेशसला निवृत्त केलं.

मला स्वतःला सोळा सेकंदांपेक्षा तो सलाम मोठा वाटतो. तिथे जमलेल्या सगळ्यांनी याला बसतानाच बघायला पैसे दिले होते.

मधली वर्षं भराभर सांगतो. रँडी बर्नार्ड नावाच्या तरुण मॅनेजरनं १९९५पासून हा तंबू वाढवला. टीव्ही आला, गावचा रोडिओ शहराच्या अरीनात गेला, थेट न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनपर्यंत. २००३मध्ये क्रिस शिव्हर्स जगज्जेता झाला तेव्हा बोनस होता दहा लाख डॉलर. पडणारा माणूस शून्य घेऊन घरी जातो हे मात्र तसंच राहिलं. हेडमन २००४मध्ये अध्यक्षपद सोडून गेला आणि पुढे प्रतिस्पर्धी टूरमध्ये दिसला. आणि २००७मध्ये त्या हजार-हजार डॉलरवाल्यांनी कंपनीतला मोठा हिस्सा एका गुंतवणूक फर्मला विकला. हजाराचे लाखो झाले. २०१५मध्ये ती हॉलिवूडच्या एका बलाढ्य एजन्सीकडे गेली, बातम्यांत आकडा दहा कोटी डॉलरच्या आसपास होता. २०२५मध्ये ती टीकेओ समूहात आली, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई आणि यूएफसी ज्यांचं आहे ते. अंडरटेकर आणि हे वळू आता एकाच मालकाचे. मध्ये २०२२मध्ये शहरांच्या आणि राज्यांच्या नावांचे आठ संघ घेऊन वेगळी लीगही सुरू झाली, ड्राफ्ट वगैरे सगळं. आयपीएल म्हणा ना.

विकलं म्हणून त्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. हाडं त्यांची होती. पण हिशोब मांडायचाच तर तोही मांडू. १९९२मध्ये त्या खोलीत बसलेला प्रत्येक जण मालक होता. आज जो पोरगा मातीत पडतो तो शेअरहोल्डर नाही, तो कंत्राटदार आहे. आपल्याकडे गळ्यातल्या पट्ट्याच्या रंगावरून कळतं ना, कोण कंपनीचा आणि कोण 'थर्ड पार्टी'चा. काम तेच, कॅन्टीन तेच, पट्टा वेगळा. पट्ट्याचा रंग बदलायला त्या वीस जणांनी बंड केलं, आणि पंधरा वर्षांनी पुढच्या पिढीसाठी तोच रंग परत आला. याला उपाय काय होता, मला खरंच माहीत नाही.

आता हेल्मेट. मी त्या टेक्सनला विचारलं होतं, आज झाडून सगळे हेल्मेट घालून आहेत, मग जुन्या व्हिडिओत हॅट कशी? २०१३चा एक प्रसिद्ध व्हिडिओ आहे, टल्सामधला. बुशवॅकर नावाच्या वळूनं टूरवर लागोपाठ ४२ जणांना पाडलं होतं, आणि जे. बी. मॉनी त्याच्यावर आठ सेकंद बसला, ९५.२५ गुण. डोक्यावर साधी काउबॉय हॅट! तो हसला आणि म्हणाला, "त्याची जन्मतारीख बघ."

नियम असा: २०१३पासून, १५ ऑक्टोबर १९९४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक रायडरला हेल्मेट सक्तीचं. आधी जन्मलेल्यांना ऐच्छिक. वाचून मी मनापासून दाद दिली. हे तर शुद्ध बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी! जुन्या सिस्टिमला हात लावायचा नाही, ती वापरणारे हळूहळू निवृत्त होतील, नवीन सगळं नव्या व्हर्जनवर. पुण्यात 'हेल्मेटसक्ती' एवढा शब्द उच्चारला तरी मोर्चा निघतो, तिथे ही आयडिया कुणाला सुचली नाही याचं आश्चर्य वाटतं. मी १९९७चा, म्हणजे मला सक्ती. माझा मामा हॅटवाला.

पण जरा विचार केला तर हसू मावळतं. जॅकेट सगळ्यांच्या अंगात यायला थोडीच वर्षं लागली. हेल्मेटला एक अख्खी पिढी संपायची वाट बघावी लागली. का? जॅकेट शर्टावर जातं, पण हेल्मेट हॅटच्या जागी बसतं, आणि हॅट म्हणजे काउबॉय. हॅट काढली तर उरतो तो कुठल्यातरी दुसऱ्याच खेळातला खेळाडू. पोस्टरवर कोण येणार? ते आठ सेकंद प्रेक्षकांनाही हॅटसकटच हवे होते.

आणि जॅकेट-हेल्मेटनं सगळं सुटलं असंही नाही. १५ जानेवारी २०१९, डेन्व्हर. मेसन लो, दुसऱ्या पायरीच्या टूरवर खेळत होता, जागतिक क्रमवारीत अठरावा. अंगात जॅकेट होतं. वळूचा पाय छातीवर पडला. वय २५. फ्रॉस्टचंही २५च होतं, तीस वर्षांपूर्वी. २९ ऑगस्ट २०२१, कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो. अमादेउ कांपोस सिल्व्हा, ब्राझिलियन, २२ वर्षांचा. जॅकेट होतं, हेल्मेटही होतं. टाचेची आर वळूच्या पोटाच्या पट्ट्यात अडकली, तो खाली ओढला गेला, आणि पुन्हा छाती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास वेगासला त्याच्याच देशाचा जोझे व्हितोर लेमी वूपा नावाच्या वळूवर ९८.७५ गुण घेऊन लागोपाठ दुसऱ्यांदा जगज्जेता झाला, टूरच्या इतिहासातला सर्वोच्च आकडा. दोन्ही बातम्या मी एकाच संध्याकाळी वाचल्या.

मी भारतात परत आल्यावर, २०२३च्या सप्टेंबरमध्ये, त्या टेक्सनचा मेसेज आला. जे. बी. मॉनी संपला. आयडाहोतल्या लुइस्टनच्या रोडिओत (टूरवर नव्हे) आर्क्टिक असॅसिन नावाच्या वळूनं त्याला डोक्यावर आपटलं आणि मान मोडली. तो चालू शकतोय, पण पुन्हा कधी बसणार नाही. वय ३६, कमाई सत्तर लाख डॉलरच्या वर, १९८७चा जन्म, म्हणून हॅट ऐच्छिक.

मी लिहिलं, हेल्मेट असतं तर? त्याचं उत्तर आलं, हेल्मेट कवटीसाठी असतं, मानेला त्याचा काय उपयोग. मी म्हटलं, तुला काय माहीत, तू काय डॉक्टर आहेस? तो म्हणाला, तू काय बुल रायडर आहेस? यावर आमचं अजूनही एकमत झालेलं नाही.

तो वळू मात्र मॉनीनं घरी नेलाय. स्टीफनव्हिलजवळच्या त्याच्या रँचवर आता तोही निवृत्त आहे.